आधी पोरगी, मग मशीन

२०१० च्या डिसेंबरात अल्का रंगारीला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर ठाण्यातल्या फोनचा. फोन वाजला की तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि तो मेला दिवसभर वाजत होता.

अल्का अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात हवालदार. तिच्याकडे गोपनीयचं काम होतं. नाव भारदस्त असलं तरी काम सरळ होतं. मोर्चा कुठून निघणार, कुठल्या गावात कोण परका उतरला, हे वरच्यांना आधी कळवायचं. तालुक्यात तिबेटी लोकांची जुनी वसाहत आहे, तिला सगळे कॅम्पच म्हणतात. तो कॅम्पही अल्काकडेच. इतक्या वर्षांच्या नोकरीत कॅम्पानं तिला कधी ताप दिला नव्हता. उलट दर बुद्धपौर्णिमेला कॅम्पातले लामा तिच्या गावच्या विहारात येत. गावातले लोक त्रिसरण म्हणत, लामा आपल्या भाषेत घुमवून घुमवून काहीतरी म्हणत. कुणाचं कुणाला कळत नसे. मग सगळे मिळून खीर खात आणि आपापल्या वाटेनं घरी जात.

ताप दिल्लीहून आला. चीनचे पंतप्रधान दिल्लीला येणार होते, सोबत व्यापाऱ्यांचा मोठा ताफा. पाहुणे परत जाईपर्यंत कॅम्पातला एकही माणूस दिल्लीकडे फिरकता कामा नये, घोषणा नकोत, झेंडे नकोत, असा जिल्ह्यावरून फोन आला.

“साहेब, तसा लेखी आदेश येईल का?” अल्कानं विचारलं.

“लेखी कशाला? सांगितलं ना तोंडी. आत्ता कॅम्पात किती लोक आहेत?”

“म्हातारे आहेत, लेकरं आहेत. बाकीचे स्वेटर विकायला गेलेत. नागपूर, रायपूर, जबलपूर.”

“कोणाला विचारून गेले?”

“साहेब, ते दर हिवाळ्यात जातात. स्वेटर हिवाळ्यातच खपतात.”

“प्रत्येक जण कुठे आहे ते संध्याकाळपर्यंत कळवा.”

मग काय, अल्का फोन लावत बसली. कुणी रायपूरच्या फुटपाथवर होतं, कुणी नागपूरला. गिऱ्हाईक समोर उभं असताना पोलीस ठाण्याचा फोन आला की माणूस दचकतो. दचकलेल्या माणसाला आधी समजवायचं की काही झालेलं नाही, मग विचारायचं की तू कुठे आहेस. जबलपूरच्या एका म्हातारीनं तर ऐकूनच घेतलं नाही. तिला वाटलं, अल्काला स्वेटर पाहिजे. कुठला रंग, किती मापाचा, बंद गळ्याचा का उघड्या, असं ती विचारत राहिली. शेवटी अल्कानं चॉकलेटी सांगितला आणि फोन ठेवला.

हे पुरं होतं न होतं तोच दुसरा फोन आला. तालुक्यातल्या टेकचंद कटरे यांच्या राइस मिलमध्ये एक चिनी इंजिनियर आला होता. त्याची नोंद करायची आणि त्याला बंदोबस्त द्यायचा. भाग नक्षलवाद्यांचा, परदेशी पाहुण्याला काही झालं तर दिल्लीपर्यंत बोंब जाईल. पुन्हा हा व्यापाराचा मामला, तेव्हा त्याला सर्व सहकार्य करावं.

“म्हणजे चीनवाल्याला सांभाळायचं आणि तिबेटवाल्याला अडवायचं,” अल्का म्हणाली.

“काय म्हणालात?”

“हो म्हणाले, साहेब.”

मिल गावाबाहेर होती. हंगाम ऐन भरात. अंगणात धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणखी ट्रक फाटकाबाहेर उभे. टेकचंद शेठ पोवार माणूस, वजनदार अंगाचा, बोलताना हिंदी आणि मराठी यांच्यात फरक न करणारा. त्यांनी चीनहून तांदूळ निवडायची मशीन मागवली होती. वरून तांदूळ पडतो, मशीन एकेक दाणा पाहते आणि काळा दाणा दिसला की हवेच्या फुंकेनं बाजूला उडवते.

“पाहते म्हणजे?” अल्कानं विचारलं.

“कॅमेरे आहेत ना मॅडम अंदर.”

अल्कानं हे इमानदारीनं जिल्ह्यावर कळवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. चिनी मशीनमध्ये कॅमेरे म्हटल्यावर तिकडे धावपळ झाली. कॅमेरे कशाचे फोटो काढतात, ते कुठे जातात, परिसरात महत्त्वाचं ठिकाण कोणतं आहे, अशी विचारपूस सुरू झाली.

“तांदळाचे फोटो काढतात, साहेब.”

“नक्की?”

“मशीन बंद आहे साहेब. चालू झाली की बघून सांगते.”

मशीन बंद होती, कारण ती चिनी अक्षरांत काहीतरी सांगत होती आणि ते कुणाला वाचता येत नव्हतं. इंजिनियरला येत होतं, पण त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. त्याचं नाव लियू. पंचविशीतलं पोरगं, बारीक, चष्मेवालं. कलकत्त्याहून त्याच्यासोबत आलेला दुभाषी आल्या आल्या तापानं फणफणला आणि त्याला गोंदियाच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. लियूनं खुणांनी बरंच काही सांगून पाहिलं होतं. खुणा पाहून मिलच्या मिस्त्रीनं एक तार जोडली तर अर्ध्या मिलची लाईट गेली. तेव्हापासून मिस्त्री मशीनजवळ जायला तयार नव्हता आणि लियू कुणालाही जवळ येऊ देत नव्हता. मिलमधलं तिखट वरण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो एका पोत्यावर बसून केळी खात होता, शेजारी दोन बंदूकवाले शिपाई. कुणी कैदी आणला आहे असंच वाटत होतं.

“मॅडम,” टेकचंद शेठ हात जोडून म्हणाले, “सरकारी धानाची भरडाई है. काळा दाणा दिसला की गोदामवाले ट्रक वापस करतेत. हे मशीन सुरू नाई झालं तं मी मेलो. तुमच्या कॅम्पात एक आदमी आहे, त्याले चायनीज येते.”

अल्काला माहीत होतं. जामयांग.

जामयांग अठ्ठ्याऐंशी साली ल्हासाहून पळून आला, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. रस्त्यावर घोषणा दिल्या म्हणून तुरुंगात जाऊन आला होता. कॅम्पातल्या मुलीशी लग्न करून इथेच राहिला, रस्त्याकडेला थुक्पाचं, म्हणजे शेवयांच्या तिबेटी सूपचं, हॉटेल टाकलं. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं असं की समोरच्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या निदर्शनात त्याला पकडलं होतं. म्हणून कुणाला अडवायचं असा विषय निघाला की जिल्ह्यावरून पहिलं नाव जामयांगचंच यायचं.

अल्का ठाणेदार साहेबांकडे गेली. साहेब साताऱ्याकडचे होते, बदलीची वाट बघत दिवस काढत होते.

“साहेब, जामयांगला कॅम्पाबाहेर सोडायचं नाही असं जिल्ह्यावरून आहे. आणि त्याला मिलमध्ये न्यायचं म्हणून शेठ मागे लागलेत.”

“आमदारांचाही फोन आला होता मला,” साहेब म्हणाले. “न्या त्याला.”

“मग जिल्ह्याला काय सांगू?”

“काही सांगू नका. न्या, पण नेलं असं दिसायला नको.”

“म्हणजे कसं, साहेब?”

“अहो रंगारी, एवढी वर्षं नोकरी करताय, हेही मीच सांगायचं का?”

अल्का बाहेर आली. गाडीला लाथ मारावीशी वाटली, पण स्कूटी तिची स्वतःची होती.

जामयांग हॉटेलात कोबी चिरत होता. अल्कानं सगळं सांगितलं. तो चिरत राहिला.

“मी चिनी बोलत नाई,” तो म्हणाला.

“येते ना तुमाले?”

“येते. बोलत नाई. बावीस साल झाले. माझी अर्धी चिनी शाळेतली, अर्धी जेलातली. कोनती ऐकाची हाये शेठले?”

“भाऊ, लेकरू हाये ते. उपाशी बसून राहिलं.”

“मंग त्याले थुक्पा नेऊन दे. पैसे नाई घेत.”

मागच्या खोलीतून त्याची मुलगी डेचेन आली. वीस वर्षांची पोरगी, नुकताच नर्सिंगचा कोर्स करून बसलेली. तिनं विचारलं, “बाई, माह्या दिल्लीचं काय झालं?”

अल्कानं कपाळावर हात मारला. डेचेनला दिल्लीच्या एका खासगी दवाखान्यानं मुलाखतीला बोलावलं होतं, नेमकं याच आठवड्यात. तिकीट काढलेलं होतं. परवानगीसाठी तिनं दोनदा विचारलं होतं आणि अल्कानं दोनदा जिल्ह्यावर विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच, कॅम्पातला एकही माणूस म्हणजे एकही माणूस.

“नाई म्हनतेत, बेटा.”

“मी तिकडं घोषना द्याले जाऊन राहिली का? सुई टोचाची नोकरी हाये.”

“मले समजते.”

“तुमाले समजते तं त्याईले काऊन नाई समजत?”

जामयांगनं सुरी खाली ठेवली. पहिल्यांदा त्यानं अल्काकडे नीट पाहिलं.

“बाई, तुह्या साहेबाले सांग. पोरगी दिल्लीले गेली, तं मी मिलमंधी येतो. नाई गेली, तं शेठनं चीनलेच फोन लावावा.”

अल्का परत ठाण्यात. ठाणेदार साहेबांनी ऐकलं आणि मिनिटभरही विचार न करता म्हणाले, “हो म्हणून टाका.”

“परवानगी मिळेल, साहेब?”

“कसली परवानगी? मशीन सुरू होईपर्यंत हो म्हणायचं. नंतर सांगायचं, वरून नाही आलं. काय करणार आहे तो?”

अल्कानं सॅल्यूट ठोकला आणि निघाली. वाटेत तलावाच्या पाळीवर तिनं स्कूटी थांबवली. तिला शिव्या देता येत होत्या, वीस वर्षांत पोलीस खात्यानं तेवढं शिकवलं होतं, पण कुणाला द्याव्यात ते ठरेना. दिल्लीतल्यांना ती दिसत नव्हती. जिल्ह्यावरचा साहेब वरचं ऐकत होता, ठाणेदार बदलीची वाट बघत होता. शेठचा धंदा खोटा नव्हता, दारात ट्रक उभे होते. लियू नावाच्या पोरानं कुणाचंच काही वाकडं केलं नव्हतं. सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि खोटं बोलायचं काम मात्र तिच्या वाट्याला आलं होतं.

तिनं स्कूटी सुरू केली. हॉटेलात जाऊन जामयांगला मोरीकडे बोलावलं.

“भाऊ, साहेब हो म्हनते. पन त्या होवर जाऊ नको.”

“म्हंजे?”

“म्हंजे तू आधी मिलमंधी गेला, तं पोरगी जात नाई. आधी पोरीले गाडीत बसव. गाडी सुटली का मंग मिलमंधी पाय टाक. अन् हे मी सांगतलं असं कोनाले सांगजो नको.”

“तू पोलीसवाली हायेस का नाई?”

“आता जास्त बोलू नको. माह्या डोक्यात आग हाये.”

त्यानंतर जे झालं ते अल्कानं लांबून पाहिलं. जामयांगनं ठाणेदार साहेबांना निरोप धाडला, आधी पोरगी, मग मशीन. साहेब चिडले, माजला का हा म्हणाले. टेकचंद शेठना कळलं तेव्हा ते नुसते चिडले नाहीत, कामाला लागले. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी आमदारांना फोन केला, आमदारांनी आणखी वर केला. ज्या परवानगीला अल्काला दोनदा नकार मिळाला होता, ती दुपारचा चहा व्हायच्या आत आली. जिल्ह्यावरचा तोच आवाज तिला म्हणाला, “त्या मुलीला जाऊ द्या. वरून आलं आहे.”

“साहेब, मी विचारलं तेव्हा तर तुम्ही—”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळं होतं?”

“रंगारी, परवानगी पाहिजे आहे ना?”

पाहिजे होती. मग त्यानं अट सांगितली. मुलीला अल्कानं गोंदियाला गाडीत बसवून द्यायचं. दिल्लीत तिथले पोलीस रेल्वे स्टेशनवर भेटतील, मुलाखतीला नेतील, आणि परतीच्या गाडीत बसवतील. अल्काला तेव्हा ही अट हलकीच वाटली. निदान पोरगी चुकणार तरी नाही, असं तिच्या मनात आलं. पुढे या विचाराचा तिला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी अर्जुनीहून दोघी पॅसेंजरनं गोंदियाला निघाल्या. डेचेननं नवा कुडता घातला होता, केस घट्ट बांधले होते. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या मागे पडत होत्या. डेचेन त्यांच्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, “बाई, मी इथंच जल्मली. जे सरकारी दवाखान्यात तुमच्या गावच्या पोरी जल्मतेत, त्याच दवाखान्यात. मंग मले दिल्लीले जावाले पोलिसाले कायले पुसा लागते?”

“तुह्या कागदावर परदेशी असं लिवलं हाये म्हनून.”

“अन् त्या मिलवाल्या चिन्याले?”

“त्यालेबी लागते. त्याची नोंद मीच केली.”

“त्याले बंदूकवाले सांभाळतेत. मले बंदूकवाले धरतेत.”

अल्कानं पिशवीतून डबा काढला. “पोळी खा,” ती म्हणाली. डेचेननं पोळी घेतली. भूक होतीच.

गोंदियाला दिल्लीची गाडी उशिरा आली. तोपर्यंत टेकचंद शेठनी अल्काला इतके फोन केले की तिच्या मोबाईलची बॅटरी उतरली. “सुटली क्या मॅडम?” “अजून आली नाही, शेठ.” “वो आदमी फाटकाबाहेर दगडावर बसला है. अंदर पाय ठेवत नाई.” शेवटी गाडी आली, डेचेन बसली. गाडी हलल्यावर अल्कानं उरलेल्या बॅटरीत एकच शब्द सांगितला, “सुटली.”

अल्का परतली तेव्हा मिलमध्ये काम चालू होतं. जामयांग मशीनसमोर स्टुलावर बसला होता, हात छातीशी बांधून. लियू बोलायचा, जामयांग ऐकायचा, मग मिस्त्रीला गावच्या बोलीत सांगायचा. मध्येच अडायचं. लियू काहीतरी लांबलचक म्हणाला.

“काय म्हनते?” मिस्त्रीनं विचारलं.

“नाई समजलं. असा शब्द जेलात नोता,” जामयांग म्हणाला. मग लियूनं बोटानं पुर्जा दाखवला, मिस्त्रीनं त्याचं नाव सांगितलं, आणि काम पुढे सरकलं.

सुरुवातीला लियूला हा माणूस कोण ते कळलं नव्हतं. चिनी बोलणारा कुणी भेटला म्हणून तो आनंदानं नाचायचा बाकी होता. मग त्यानं विचारलं, तुम्ही कुठले? जामयांगनं सांगितलं. पोराचा चेहरा पडला. त्यानं दाराकडे पाहिलं, शिपायांकडे पाहिलं. जामयांगकडून कळलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं हे सगळं मिस्त्रीनं अल्काला हळू आवाजात सांगितलं.

“मंग?”

“मंग दोघंबी चूप. मले वाटलं, झालं, आता हेबी पळते. मंग यानं डबा काढला अन् त्याच्यापुढं ठेवला. थुक्पा. पोट्ट्यानं भांडं पुसून खाल्लं बाई.”

अल्का तिथे उभी असतानाच लियू पाना फिरवता फिरवता काहीतरी बोलला. आवाज हळू होता. जामयांगनं तुटक उत्तर दिलं.

“काय म्हनला?” अल्कानं विचारलं.

“म्हनते, आता ल्हासाले रेल्वे जाते. तिकडं आता सगळं चांगलं हाये, लोकं खुश हायेत, तुमी वापस काऊन नाई जात.”

“तू काय सांगतलं?”

“सांगतलं, बोल्ट कस.”

त्याचा चेहरा दगडासारखा होता.

दुपारनंतर मशीननं चिनी अक्षरं दाखवायचं सोडलं. वरून तांदूळ सुटला, आत फट फट असा आवाज झाला आणि काळे दाणे एका नळीतून वेगळे पडू लागले. खाली पांढराशुभ्र तांदूळ. टेकचंद शेठनी मूठ भरून तांदूळ घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. मग त्यांना कल्पना सुचली. गोंदियाहून पेपरवाला बोलावू, मशीनसमोर एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला तिबेटी, मधे आपण, फोटो छापून आणू. दिल्लीत पंतप्रधान हात मिळवतात, इथे आम्ही.

“नाई,” जामयांग म्हणाला आणि त्यानं शेठची कल्पना लियूला सांगितली.

लियू दोन्ही हात हलवत मागे सरकला. तिबेटहून पळालेल्या माणसासोबतचा त्याचा फोटो चीनला पोचला असता तर त्याची नोकरी गेली असती, कदाचित आणखीही काही. दिवसभरात या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि शेठना ते समजत नव्हतं. “अरे, अच्छी बात है ना!” ते म्हणत राहिले. शेवटी अल्का खेकसली, “शेठ, मशीन सुरू झाली ना? मंग तांदूळ निवडा.”

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

डेचेन परत आली ती तोंड मिटून. हॉटेलात अल्कानं विचारलं, “कसं झालं?” तर ती आत निघून गेली. जामयांगनंच सांगितलं. दिल्लीच्या स्टेशनवर दोन पोलीस होते, एक बाई, एक माणूस. वाईट वागले नाहीत, चहासुद्धा पाजला. पण दवाखान्यात ते तिच्या सोबत आत गेले. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसले. आतल्या मेट्रननं दारातून पाहिलं आणि विचारलं, हे कोण? मुलीबरोबर पोलीस का आहेत? डेचेननं खरं ते सांगितलं. मेट्रन म्हणाली, कळवू. तिनं कामाचा एकही प्रश्न विचारला नाही. सुई कशी टोचायची, ताप कसा मोजायचा, काही नाही.

अल्का तशीच उठली. बाहेर येऊन स्वतःच्या मोबाईलवरून त्या दवाखान्याला फोन लावला, तुटक्याफुटक्या हिंदीत मेट्रनला सांगायला लागली की मॅडम, तो पोलीस मुलीसाठी नव्हता, म्हणजे मुलीसाठीच होता, पण मुलीनं काही केलं नाही, ते पाहुणे आले होते म्हणून... तिचं तिलाच ऐकू येत होतं की प्रत्येक वाक्यानं गोष्ट जास्त बिघडते आहे. पलीकडून उत्तर आलं, “जगह भर गई है.” फोन बंद झाला.

ठाण्यात वेगळंच वाढून ठेवलं होतं. जामयांग गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. ठाणेदार साहेबांनी त्याला बोलावून दम दिला, पोलिसांशी सौदा करतोस? तो म्हणाला, सौदा तुमचा खोटा होता, हे मला तुमच्याच बाईनं सांगितलं. बाई चांगली आहे, असंही वर म्हणाला. अल्काची शिफारस करतो आहे असंच त्याला वाटत असावं.

“तुम्ही त्याला पढवलंत?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“का?”

“मला खोटं बोलायला सांगितलं होतं, म्हणून.”

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “तुम्हाला गोपनीयचं काम झेपत नाही, रंगारी.” त्यात त्यांचं चूक नव्हतं. नव्या वर्षात अल्काची जंगलाकडच्या चौकीवर रवानगी झाली. तिथे पाण्याची बोंब आणि फोनला रेंज नाही. रेंज नसल्याचं तिला दुःख झालं नाही.

जाण्याआधी ती कॅम्पात गेली. जामयांगवर तिला तोंडसुख घ्यायचं होतं. त्यानं ऐकून घेतलं, तिच्यासमोर वाटी ठेवली आणि म्हणाला, “मी तं तुही तारीफ केलो बाई.” थोड्या वेळानं डेचेन बाहेर आली. महिनाभर ती अल्काशी बोलली नव्हती.

“तू माह्यावर रागावून हायेस,” अल्का म्हणाली.

“हाव.”

“मी तुले पाठवाची कोशिश केली, बेटा.”

“मालूम हाये मले. तुमी चांगल्या हा. पन चांगल्या मानसाचाबी राग येतेच ना.” तिनं समोरची खुर्ची ओढली. “तुमी मले गाडीत बसवलं अन् तुमाले वाटलं, झालं. दिल्लीत पोलिसासंग उतराले कसं वाटते, ते तुमाले नाई पुसावं वाटलं.”

अल्कानं हो म्हटलं. जबलपूरची म्हातारी तेव्हा स्वेटर विकून परत आली होती. तिनं पैसे न घेता चॉकलेटी स्वेटर अल्काच्या मांडीवर ठेवला आणि बाहीची लांबी मापायला लागली.

उन्हाळ्यात डेचेनला नागपूरला नोकरी लागली. अर्ज तिनं स्वतः केला, मुलाखतीला एकटी बसनं गेली, कुणाला विचारलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. अल्काला हे तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिला आनंद झाला आणि रागही आला, पोरीनं एक फोन तरी करायचा होता. मग तिच्या लक्षात आलं की चौकीवर रेंजच नसते, आणि तिनं स्कूटी काढून पंधरा मिनिटांवरच्या टेकाडावर नेली. तिथे एक काडी रेंज मिळायची. तिनं डेचेनचा नंबर लावला.

“हॅलो, कोन?”

“मी, अल्काबाई.”

“बाई, ड्युटीवर हावो मी. काही काम होतं का?”

“नाई बेटा. काही नाई.”

“मंग संध्याकारी करा,” डेचेन म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मागे कुणीतरी तिला सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं.